लिनक्सवर व्हिडिओ चालत नाही? आधी फाइलच्या आत काय आहे ते बघा

लिनक्स टाकलं, वायफाय जोडलं, वॉलपेपर बदलला आणि मग पेनड्राइव्हवरच्या एका व्हिडिओवर डबल क्लिक केलं. खिडकी उघडली, पण काळीच राहिली. किंवा आवाज आला, चित्र नाही. किंवा अमुक डीकोडर सापडला नाही अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ येऊन सगळं थांबलं.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. ती ओळ शोधायला टाकतात, मिळेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतात, ती नाही चालली की पुढची. तासाभरात व्हिडिओ सुरू होतोही, पण नेमका कशाने ते कळत नाही. सहा महिन्यांनी सिस्टिम अपग्रेड करायला गेलं की कुठलीशी अनोळखी रेपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून येतं ते भांडार) आडवी येते, आणि ती आपणच कधीतरी जोडली होती हे आठवतसुद्धा नाही. मी हे सगळं केलेलं आहे, म्हणून सांगतोय. एका वेळी एकच गोष्ट बदला, फाइल चालवून बघा, मग पुढे जा.

सुरू करण्याआधी टर्मिनलबद्दल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीबद्दल, थोडं. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. 'सुडो' म्हणजे एस, यू, डी, ओ; पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची असली की ते आधी लावतात. पॅकेजच्या (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या) नावाच्या स्पेलिंगची शंका असेल तर पहिली चार-पाच अक्षरं टाइप करून टॅब दोनदा दाबा, जुळणारी नावं बहुतेक वेळा टर्मिनलच दाखवतं. आणि सुडो पासवर्ड मागतं तेव्हा बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (उबंटू, मिंट, फेडोरा असे लिनक्सचे वेगवेगळे अवतार) पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. पासवर्ड टाइप करा आणि एंटर दाबा.

डबा आणि आतला माल

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र वेगळं असतं, आवाज वेगळा, कधी सबटायटलही. त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या पद्धतीने दाबून, लहान करून भरलेली असते. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. लहान का करायची? साधा हिशेब करा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. हे न दाबता साठवलं तर सेकंदाला सुमारे १८७ एमबी होतात, आणि तासाभराच्या व्हिडिओला साडेसहाशे जीबीहून जास्त जागा लागते. म्हणून सगळे व्हिडिओ दाबलेलेच असतात, आणि तुमच्या लॅपटॉपवर ती विशिष्ट पद्धत उलगडणारं सॉफ्टवेअर असावं लागतं.

सगळ्यात जास्त भेटणारा कोडेक म्हणजे २००३ सालचा एच.२६४. त्याचा पुढचा भाऊ एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ सालचा; आजकालचे बरेच फोन यातच रेकॉर्ड करतात. त्याच वर्षीचा व्हीपी९ आणि २०१८ सालचा एव्ही१ हे वेबवर जास्त दिसतात. आवाजासाठी एएसी, एमपी३, एसी-३, डीटीएस, ओपस वगैरे.

यावरून दोन गोष्टी निघतात. 'माझ्याकडे एमपी४ चालत नाही' या वाक्याला फारसा अर्थ नाही, कारण दोन एमपी४ फाइल आतून पूर्ण वेगळ्या असू शकतात. आणि फाइलचं नाव बदलून एमकेव्हीचं एमपी४ केलं तर डब्यावरची चिठ्ठी बदलते, माल तोच राहतो.

मग लिनक्स हे सगळं आधीच का देत नाही? जमत नाही म्हणून नव्हे. यातल्या बऱ्याच कोडेकवर पेटंट आहेत, आणि पेटंट असलेली गोष्ट सरसकट वाटायची की नाही याचा निर्णय प्रत्येक डिस्ट्रो आपापला घेते. एमपी३ची शेवटची महत्त्वाची पेटंट २०१७ मध्ये संपली आणि तो प्रश्न मिटला. एच.२६५च्या बाबतीत तो अजून आहे. म्हणून डेबियनवर जे आपोआप चालतं तेच फेडोरावर अडतं. लॅपटॉप तोच, फाइल तीच.

पहिली पायरी: आत काय आहे?

तुमच्या डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर स्टोअरमधून मीडियाइन्फो घ्या, फाइलच्या आत काय आहे ते ते सांगतं. खिडकीवालं नको असेल तर टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल मीडियाइन्फो' करा; ॲप्ट म्हणजे पॅकेज टाकणारी कमांड, फेडोरात तिच्या जागी डीएनएफ. मग टर्मिनलमध्ये मीडियाइन्फो लिहा, एक स्पेस द्या आणि फाइल मॅनेजरमधून ती व्हिडिओ फाइल माउसने ओढून टर्मिनलवर सोडा. पूर्ण पत्ता आपोआप लिहिला जातो, नावात स्पेस असल्या तरी बिघडत नाही. एंटर.

भलीमोठी यादी येईल. त्यातल्या तीनच ओळी बघा. व्हिडिओच्या गटात 'फॉरमॅट', त्याच्याच खाली 'फॉरमॅट प्रोफाइल', आणि ऑडिओच्या गटात 'फॉरमॅट'. समजा तिथे एचईव्हीसी, मेन १० आणि ई-एसी-३ असं आलं, तर चित्र एच.२६५चं, तेही १०-बिट, आणि आवाज डॉल्बीचा. आता तुम्हाला नक्की काय हवंय ते माहीत आहे. ऑडिओचा गटच नसेल तर आवाज येत नाही म्हणून रात्र जागवू नका, फाइलमध्ये तो नाहीच.

मीडियाइन्फोने काहीच ओळखलं नाही, नुसती फाइलची साइझ दाखवली, तर थेट शेवटून दुसऱ्या भागात जा. फाइलच अर्धवट असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी पायरी: व्हीएलसी, निदान चाचणीपुरतं

नारिंगी शंकूवालं व्हीएलसी तुम्हाला माहीत असेलच. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालं आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे. ते तुम्हाला आवडावं असं नाही (मला रोजच्या वापराला एमपीव्ही हा दुसरा प्लेअर जास्त आवडतो, त्यात बटणंच जवळजवळ नाहीत), पण रोगनिदानासाठी ते ठेवाच. कारण असं.

लिनक्सवर व्हिडिओ उलगडणारी दोन मोठी घराणी आहेत. एक एफएफएमपेग, २००० साली फॅब्रिस बेलार्डने सुरू केलेलं. व्हीएलसी आणि एमपीव्ही मुख्यतः त्याच्यावर चालतात. दुसरं जीस्ट्रीमर; नोम डेस्कटॉपबरोबर येणारे व्हिडिओ प्लेअर त्याच्यावर. एका घराण्याकडे कोडेक असला म्हणजे दुसऱ्याकडे असेलच असं नाही.

म्हणून तीच फाइल व्हीएलसीत उघडा. चालली, तर फाइल धडधाकट आहे, आणि उणीव जीस्ट्रीमरच्या प्लगिनची आहे. हवं तर इथेच थांबा आणि व्हीएलसीच वापरा, त्यात कमीपणा नाही. व्हीएलसीतही नाही चालली, तर एकतर फाइल खराब आहे किंवा तुमच्या डिस्ट्रोने एफएफएमपेगच छाटून दिलंय. दुसरी शक्यता फेडोरा आणि ओपनसुसेवाल्यांनी आधी तपासावी.

तिसरी पायरी: कोडेक, आपल्या डिस्ट्रोच्या हातून

विंडोजची सवय असलेले लोक इथे 'कोडेक पॅक' शोधायला जातात. नका जाऊ. कुठल्याही साइटवरून कोडेक उतरवायचा नाही. ते डिस्ट्रोच्या भांडारातूनच घ्यायचे, म्हणजे अपडेटही तिथूनच होतात.

लिनक्स मिंटवर काम सगळ्यात सोपं. इन्स्टॉल करतानाच मल्टिमीडिया कोडेकची चौकट टिक करायला मिळते. तेव्हा राहिली असेल तर मेन्यूत 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' शोधा, किंवा मिंट-मेटा-कोडेक्स हे पॅकेज टाका. झालं.

उबंटूवर पॅकेजचं नाव उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज, मधल्या रेघांसकट. 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज'. आणि आता लक्ष द्या, कारण नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा हीच. मध्येच टर्मिनल रंग बदलतं आणि पडदाभर इंग्रजी करार येतो. या पॅकेजबरोबर मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट येतात, त्यांचा तो करार. खाली 'ओके' लिहिलेलं दिसतं, पण त्यावर माउसने क्लिक केलं तर काही होत नाही. एंटर दाबला तरी काही होत नाही. पहिल्यांदा मी दहा मिनिटं हे करून शेवटी खिडकी बंद केली, आणि पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला 'आधीचं काम अर्धवट आहे' अशी तक्रार ऐकत बसलो. इलाज एका बटणाचा होता: टॅब. टॅब दाबला की ओके रंगीत होतं, मग एंटर. पुढच्या पडद्यावर हो-नाही विचारतात, तिथेही टॅबने 'येस'वर जाऊन एंटर. माझ्यासारखी खिडकी बंद केलीच असेल, तर 'सुडो डीपीकेजी', मग एक स्पेस, दोन रेघा आणि त्यांना जोडून 'कॉन्फिगर', पुन्हा स्पेस, एक रेघ आणि जोडून 'ए'. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण होतं.

डेबियनच्या मुख्य भांडारातलं एफएफएमपेग छाटलेलं नसतं, त्यामुळे व्हीएलसी टाकलं की बहुतेक सगळं चालतं. नोमच्या प्लेअरलाही चालवायचं असेल तर जीस्ट्रीमरचं 'लिबएव्ही' प्लगिन टाका. ते जीस्ट्रीमरला एफएफएमपेगची मदत मिळवून देतं. तिथे तुम्हाला 'गुड', 'बॅड' आणि 'अग्ली' नावाचे प्लगिन-संचही दिसतील. घाबरू नका. गुड म्हणजे कोडही चांगला आणि परवानाही स्वच्छ. अग्ली म्हणजे कोड चांगला, पण वाटण्यात पेटंटसारखी अडचण असू शकते. बॅड म्हणजे कोड अजून पुरेसा तपासलेला नाही. तिन्ही टाकले तरी लॅपटॉपचं काही वाकडं होत नाही.

फेडोरावर आरपीएम फ्यूजन ही वेगळी रेपॉझिटरी जोडावी लागते. पहिल्यांदा सुरू करताना फेडोरा 'थर्ड पार्टी रेपॉझिटरी' चालू करू का असं विचारतं, आणि तिथे हो म्हटलं म्हणजे काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ती वेगळी गोष्ट आहे, त्यात हे कोडेक नसतात. आरपीएम फ्यूजनच्या साइटवर 'कॉन्फिगरेशन' पानावर फेडोरासाठीची कमांड दिलेली असते, तीच वापरा. मग फेडोराचं छाटलेलं 'एफएफएमपेग-फ्री' काढून पूर्ण एफएफएमपेग आणायचं असतं. त्यासाठी डीएनएफला 'स्वॅप' सांगतात, म्हणजे एक काढ आणि त्याच जागी दुसरं बसव. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर दोन पॅकेजांचं भांडण लागतं आणि तुम्हाला लाल अक्षरं वाचत बसावं लागतं.

ओपनसुसेवर आधी 'ओपीआय' हे पॅकेज टाका आणि मग टर्मिनलमध्ये 'ओपीआय कोडेक्स' चालवा. पॅकमन रेपॉझिटरी जोडण्यापासून पॅकेज बदलण्यापर्यंत सगळं ते विचारत विचारत करतं. आर्च वापरणाऱ्यांना या लेखाची गरज नसावी.

रेपॉझिटरीच्या फंदात पडायचंच नसेल तर आणखी एक वाट आहे: फ्लॅटपॅकवरून (सगळ्या डिस्ट्रोंवर चालणारी, सिस्टिमपासून अलग ठेवलेली ॲप देणारी पद्धत; स्नॅपही तसंच) व्हीएलसी. ते आपले कोडेक बरोबर घेऊन येतं, सिस्टिममध्ये काय आहे नाही याची त्याला पर्वा नसते. जागा जास्त खातं. आणि फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून घेतलेल्या प्लेअरला कधीकधी बाहेरच्या ड्राइव्हवर जायची परवानगी नसते. तेव्हा फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करून बघा. तिथून चालली तर कोडेकचा दोष नव्हता, परवानगीचा होता.

चालतोय, पण अडखळतोय

ही तक्रार वेगळी आहे आणि कोडेक टाकून सुटत नाही. व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसर करू शकतो किंवा ग्राफिक्स चिपमधला खास त्यासाठीचा भाग. प्रोसेसरने केलं तर पंखा घोंगावतो, बॅटरी पळते, आणि फोर-के १०-बिट एचईव्हीसी असेल तर चित्रं गळायला लागतात. चिपने केलं तर लॅपटॉप गार राहतो.

तुमच्या चिपला ते जमतं का, हे तिच्या पिढीवर ठरतं. इंटेलच्या बाबतीत ठोकळमानाने असं धरा: एच.२६४ सगळ्यांना, ८-बिट एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून, १०-बिट सातव्यापासून, एव्ही१ अकराव्यापासून. तपासायला 'व्हीए-इन्फो' नावाची छोटी कमांड आहे (टाइप करताना मध्ये रेघ नाही). यादीत एचईव्हीसीची ओळ दिसली नाही तर एकतर चिपला जमत नाही किंवा ड्रायव्हर नाही. पाचव्या पिढीपासूनच्या इंटेलला 'इंटेल मीडिया ड्रायव्हर' लागतो, त्याआधीच्यांना जुना 'आय९६५'. एएमडी चिप आणि फेडोरा अशी जोडी असेल तर एक खोच आहे: २०२२ पासून फेडोराने पेटंटच्या भीतीने आपल्या मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एचईव्हीसीचा हा भाग काढून टाकलाय. आरपीएम फ्यूजनमध्ये 'फ्रीवर्ल्ड' नावाने तो मिळतो.

प्रत्यक्षात चिप वापरली जातेय का? एमपीव्हीत व्हिडिओ चालू असताना शिफ्ट धरून आय दाबा. चित्रावर आकडे येतात, त्यात किती चित्रं गळली तेही दिसतं. सुरुवातीला एमपीव्ही बऱ्याचदा प्रोसेसरनेच काम करतं. चालू असतानाच कंट्रोल आणि एच दाबलं की चिपकडे सोपवतं. मी जुन्या लॅपटॉपवर हे पहिल्यांदा केलं तेव्हा गळणाऱ्या चित्रांचा आकडा जागीच थांबला, आणि मिनिटभराने पंखाही. व्हीएलसीत हीच सोय 'प्रेफरन्सेस'मध्ये 'इनपुट / कोडेक्स'खाली आहे.

चिपलाच जमत नसेल तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर घ्या, त्याला फाइल १०८०पी एच.२६४मध्ये बदलायला लावा आणि झोपा.

आवाज, सबटायटल आणि चौकोन

चित्र आहे, आवाज नाही: आधी व्हीएलसीच्या 'ऑडिओ' मेन्यूत दुसरा ट्रॅक आहे का बघा. मग सिस्टिमच्या साउंड सेटिंगमध्ये बघा, आवाज एचडीएमआयकडे तर जात नाही ना. टीव्ही जोडून काढला की हे हमखास होतं. आवाज ओठांच्या पुढेमागे असेल तर व्हीएलसीत जे आणि के, सबटायटल पुढेमागे असेल तर जी आणि एच.

सबटायटलची फाइल व्हिडिओच्याच नावाची आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवली की आपोआप लागते. मराठी किंवा हिंदी सबटायटल असेल आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित घराण्यातला देवनागरी फॉन्ट टाका. चौकोन नसून भलतीच चिन्हं दिसत असतील, तर फाइलचं एन्कोडिंग वेगळं आहे; ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा.

फाइलच अर्धी असेल तर

पेनड्राइव्हवर कॉपी करताना लिनक्स एक गोष्ट करतं जी नवख्याला माहीत नसते. डेटा आधी मेमरीत घेतं आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर लिहितं. त्यामुळे कॉपीची पट्टी भरते, सगळं झालंसं वाटतं, आणि आत अजून अर्धा जीबी लिहायचा बाकी असतो. एकदा एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी असंच पट्टी भरल्या भरल्या काढून नेलं. दुसऱ्या लॅपटॉपवर नाव बरोबर, साइझसुद्धा बरोबर, आणि प्लेअर ढिम्म. मूळ फाइल घरी होती म्हणून वाचलो. फाइल मॅनेजरमधलं इजेक्टचं चिन्ह दाबा आणि 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत हात लावू नका.

एमपी४च्या बाबतीत हे जास्त बोचतं. कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची सूची असते, ती बऱ्याच एमपी४मध्ये अगदी शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग चालू असताना फोन बंद पडला, तर चित्रं सगळी आत असतात पण सूची नसते. अशी फाइल एफएफएमपेगला दिली की 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' असं म्हणतं. कोडेक कितीही टाका, फरक पडणार नाही. मूळ फाइल पुन्हा मिळवणं हाच पहिला इलाज. ते शक्य नसेल तर 'अनट्रंक' नावाचं साधन आहे. त्याला त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये काढलेला एक धड व्हिडिओ नमुन्याला द्यावा लागतो, मग ते सूची नव्याने बांधायचा प्रयत्न करतं. कधी जमतं, कधी नाही.

शेवटचं आवरणं

व्हिडिओ चालला की फाइलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ'मध्ये आपला प्लेअर निवडा आणि 'नेहमी हाच वापर' अशा अर्थाचा पर्याय चालू करा. नाहीतर डबल क्लिक पुन्हा त्या जुन्या प्लेअरकडेच जाईल आणि काही बदललंच नाही असं वाटेल.

फोल्डरमध्ये काही व्हिडिओंवर छोटं चित्र दिसतं, काहींवर नुसता आयकॉन, असं राहिलं असेल तर एफएफएमपेग-थंबनेलर टाका (टाइप करताना मध्ये रेघ नाही). तरीही जुन्या फाइल तशाच दिसतात, कारण एकदा चित्र बनवता आलं नाही की सिस्टिम तशी नोंद करून ठेवते आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा, 'कॅश'मध्ये 'थंबनेल्स' शोधा आणि त्यातला 'फेल' फोल्डर उडवा. मग व्हिडिओचा फोल्डर बंद करून पुन्हा उघडा.